टॅली क्लाउडवर नेताय? आधी एवढे कागद करून घ्या

मी कोल्हापुरात कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्रीवाल्यांचा, मशिन शॉपवाल्यांचा हल्ली एकच प्रश्न असतो, "मॅडम, टॅली क्लाउडवर टाकायचंय, कायद्याचं काही अडतं का?" म्हणजे टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या कॉम्प्युटरऐवजी इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवायचं. अडत काहीच नाही. पण प्रायव्हेट लिमिटेड असाल तर सर्व्हरचे पैसे भरण्याआधी थोडं काम आहे.

सगळ्यात आधी बघा, क्लाउडचं खातं कुणाच्या नावावर आहे. माझ्या एका क्लायंटकडे अकाउंटंटने ते स्वतःच्या जीमेलवर उघडलं होतं, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. दिवाळीनंतर तो नोकरी सोडून गेला आणि पुढे ऑडिटर येऊन बसले तेव्हा लॉगिनच होईना. सेवा देणारे म्हणाले, आमच्या नोंदीत खातेदार तेच आहेत. आम्ही बोर्डाचा ठराव पाठवला, जीएसटीचं प्रमाणपत्र पाठवलं, अकरा दिवस नुसती पत्रं चालली. शेवटी तो मुलगा भला म्हणून कारखान्यात येऊन ओटीपी देऊन गेला. त्याने फोन उचलला नसता तर? म्हणून खातं कंपनीच्या ईमेलवर, मोबाइल संचालकाचा, आणि ॲडमिन कोण ते बोर्डाच्या ठरावात. बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर घाला, नाहीतर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट बुडतं. बिल परदेशातून येत असेल तर रिव्हर्स चार्जने आयजीएसटी तुम्हालाच भरायचाय, हे तुमच्या सीएंच्या कानावर घाला.

मग हिशोबाच्या वह्यांचा मुद्दा. कंपनी (लेखा) नियम, २०१४ मधला नियम ३ काढून वाचा. हिशोब परदेशी सर्व्हरवर ठेवता येतात, पण ते भारतातून कधीही उघडता आले पाहिजेत आणि त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज पडला पाहिजे. "रोज" हा शब्द ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने आला. "डेटा भारतातच आहे ना?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. कुठल्या शहरात, ते लिहून मागा. ॲमेझॉन आणि गुगलचे मुंबईत, मायक्रोसॉफ्टचे पुण्यात सर्व्हर आहेत. पण खातं उघडताना रीजन (सर्व्हर कुठल्या भागातला, ते) आपणच निवडायचा असतो आणि घाईत तिथे सिंगापूर किंवा अमेरिका तशीच राहून जाते.

दरवर्षी ताळेबंद भरताना आरओसीला (कंपनी निबंधकांना) सेवा देणाऱ्याचं नाव, आयपी ॲड्रेस आणि ठिकाण कळवावं लागतं. तो परदेशी असेल तर भारतात हिशोब कुणाच्या ताब्यात आहेत, त्या माणसाचं नाव-पत्ताही. १ एप्रिल २०२३ पासून सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (नोंदीत कधी काय बदललं याची आपोआप होणारी नोंद) हवाच, तो बंद करता येता कामा नये. वह्या आठ आर्थिक वर्षं जपायच्यात, म्हणजे व्हेंडर (सेवा देणारा) बदलला तरी जुना डेटा उघडला पाहिजे.

करार मात्र सावकाश वाचा. नुकसानभरपाईची मर्यादा बहुधा काही महिन्यांच्या बिलाएवढीच असते. मोठ्या कंपन्या त्यात काही बदलत नाहीत. गावातला व्हेंडर बदलून देतो, मागायला लाजू नका. वाद झाला तर कोर्ट कुठलं, तेही बघून घ्या.

कामगारांचे आधार, बँक तपशील त्याच सर्व्हरवर असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात त्याची जबाबदारी तुमची, व्हेंडरशी करार काहीही असो. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. ती तयारीसाठी वापरा. सर्व्हर हॅक झाल्याचं लक्षात आलं की सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) सहा तासांत कळवायचं, हे मात्र २०२२ पासूनच लागू आहे. सर्व्हरचे लॉगही (कोण कधी आत आलं, काय केलं याच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात, ते व्हेंडर ठेवतो का विचारा.

माझ्या क्लायंटना मी व्हेंडरला पाठवायला हा मेल देते, तुम्हीही वापरा:

"आमचा रोजचा बॅकअप भारतातल्या कोणत्या शहरात पडतो? लॉग किती दिवस राहतात? काही बिघाड किंवा चोरी झाल्यास आम्हाला किती तासांत कळवाल? सेवा बंद केल्यावर डेटा किती दिवस, कोणत्या स्वरूपात मिळेल? कृपया लेटरहेडवर सही-शिक्क्यासह उत्तर द्यावे."

उत्तर हातात आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.