प्रसंगावर आधारित प्रोजेक्ट मॅनेजमेंट परीक्षेची तयारी कशी करावी

आधी एक प्रश्न सोडवून बघा.

प्रकल्प निम्म्यावर आला आहे. ग्राहकाकडचा एक वरिष्ठ अधिकारी तुमच्या टीममधल्या डेव्हलपरला परस्पर फोन करून सांगतो, की अहवालात आणखी एक रकाना हवा. काम जेमतेम दोन तासांचं. डेव्हलपर तयार आहे. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून तुम्ही सर्वप्रथम काय कराल? (अ) काम लहान आहे, करून टाकू द्याल. (ब) हे ठरलेल्या स्कोपमध्ये, म्हणजे कामाच्या व्याप्तीत, नाही असं ग्राहकाला कळवाल. (क) या बदलाचा प्रकल्पावर काय परिणाम होईल ते तपासाल. (ड) प्रकल्पाला पैसा आणि पाठबळ देणाऱ्या वरिष्ठाला, म्हणजे स्पॉन्सरला, भेटून हा प्रकार कानावर घालाल.

ऑफिसात नोकरी करणारा माणूस मनातल्या मनात (अ) म्हणतो. दोन तासांच्या कामासाठी कोण कागद रंगवत बसणार? परीक्षेचं उत्तर मात्र (क) आहे. स्कोप आधीच ठरलेला असलेल्या प्रकल्पात बदल लहान असो वा मोठा, आधी त्याचा परिणाम तपासायचा, मग चेंज रिक्वेस्ट म्हणजे बदलाची लेखी मागणी, मग मंजुरी, मग काम. गंमत अशी, की प्रश्नात ‘टीम दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये काम करते’ एवढं एक वाक्य घातलं (स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा छोटा टप्पा, ही अजाइल पद्धतीची खूण), तर हेच उत्तर बदलतं. मग ती मागणी प्रॉडक्ट ओनरकडे, म्हणजे आधी काय करायचं हे ठरवणाऱ्या माणसाकडे, जायला हवी आणि बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, तिचा क्रम त्याने ठरवायला हवा.

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) या प्रमाणपत्रासारख्या परीक्षांचा सगळा कस इथे लागतो. व्याख्या विचारत नाहीत, प्रसंग देतात. चारही पर्याय वरवर शहाणे दिसतात आणि त्यातला त्या क्षणी, त्या माणसाने, त्या पद्धतीत करण्याजोगा पर्याय निवडायचा असतो. त्यामुळे तयारीचा मोठा वाटा वाचनावर नव्हे, प्रश्नांवर खर्च व्हायला हवा.

आधी आराखडा, मग पुस्तक

प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट म्हणजे पीएमआय ही १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था पीएमपी परीक्षा घेते. परीक्षेत काय विचारलं जाईल याचा अधिकृत आराखडा तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तयारीची सुरुवात तिथून करा. जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचत सुटणं हा वेळ घालवण्याचा सगळ्यांत प्रतिष्ठित मार्ग आहे.

जानेवारी २०२१ पासूनच्या रचनेत १८० प्रश्न आणि २३० मिनिटं आहेत. त्यातले ५ प्रश्न गुणांत धरले जात नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. विषयांची विभागणी अशी: माणसं ४२ टक्के, प्रक्रिया ५० टक्के, व्यवसायाची परिस्थिती ८ टक्के. साधारण निम्मे प्रश्न पारंपरिक म्हणजे सगळं आधी ठरवून चालणाऱ्या पद्धतीचे, निम्मे अजाइल म्हणजे छोट्या टप्प्यांत बदल सामावत जाणाऱ्या पद्धतीचे किंवा दोन्हींच्या मिश्रणाचे. जुलै २०२६ पासूनच्या नव्या आराखड्यात ही विभागणी ३३, ४१ आणि २६ टक्के अशी होते. म्हणजे व्यवसायाच्या बाजूचं वजन तिपटीहून जास्त. तुमची तारीख कोणत्या आराखड्यात पडते हे पाहूनच साहित्य विकत घ्या. जुन्या आराखड्यावरची प्रश्नपेढी स्वस्तात मिळते, आणि ती स्वस्त का आहे हे नंतर कळतं.

पात्रतेचं थोडक्यात: चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव, शालान्त पातळीवरचं शिक्षण असेल तर ६० महिने, आणि सोबत ३५ तासांचं प्रशिक्षण. काही अर्ज तपासणीसाठी निवडले जातात, त्यामुळे अनुभवाची माहिती पडताळता येईल अशीच भरा.

प्रिन्स-टू या दुसऱ्या एका प्रकल्प-पद्धतीची प्रॅक्टिशनर ही परीक्षाही प्रसंगावर चालते, पण तिथे अधिकृत मार्गदर्शिका सोबत ठेवायला परवानगी असते. त्यामुळे तिच्या तयारीत कोणती गोष्ट कुठे आहे ते झटकन सापडण्याचा सराव वेगळा करावा लागतो. बाकी पुढचं बरंचसं तिलाही लागू पडेल.

पाया पुरेसा घाला, जास्त नको

प्रत्येक प्रक्रियेचे इनपुट, आउटपुट पाठ करणारे अजूनही भेटतात. ती परीक्षा मागे पडली. आता कुठला कागद कशासाठी असतो एवढं पक्कं हवं. चार्टर हा सुरुवातीचा मंजुरीचा कागद प्रकल्पाला आणि प्रोजेक्ट मॅनेजरला अधिकार देतो. जे घडू शकतं ते रिस्क रजिस्टरमध्ये, जे घडून गेलं ते इश्यू लॉगमध्ये. स्टेकहोल्डर रजिस्टर (प्रकल्पाशी संबंध असलेल्यांची यादी), बदल मंजूर करणारं मंडळ, बेसलाइन (मंजूर झालेला मूळ आराखडा, ज्याच्याशी प्रगती ताडून बघायची). अजाइलच्या बाजूने प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर (टीमच्या वाटेतले अडथळे दूर करणारा) आणि टीम यांच्यात कोणता निर्णय कोणाचा, आणि रेट्रोस्पेक्टिव्ह (कामाच्या पद्धतीचा आढावा) व स्प्रिंट रिव्ह्यू (झालेल्या कामाचा आढावा) यांत फरक काय.

गणित फार नसतं, पण जे असतं ते सोडू नका. झालेल्या कामाचं मूल्य भागिले प्रत्यक्ष खर्च म्हणजे सीपीआय (खर्चाचा निर्देशांक), आणि तेच मूल्य भागिले आजपर्यंत नियोजित असलेल्या कामाचं मूल्य म्हणजे एसपीआय (वेळापत्रकाचा निर्देशांक). मूल्य ४०, खर्च ५० असेल तर सीपीआय ०.८ येतो: शंभर खर्चून ऐंशीचंच काम हाती आलं. एकापेक्षा कमी म्हणजे वाईट, एवढं लक्षात असलं तरी बरेच प्रश्न सुटतात, कारण पुढे विचारलेलं असतं ते ‘मग काय कराल’ हेच.

या टप्प्याला महिनाभर, रोज तासभर, पुरेसा आहे असं माझं मत. सगळं समजलं असं वाटेपर्यंत थांबलात तर प्रश्नांकडे वळणारच नाही.

प्रश्न उलगडायला शिका

प्रसंग लांबलचक असतो, म्हणून आधी शेवटचं वाक्य वाचा. काय विचारलंय ते कळलं की वरच्या मजकुरातलं कामाचं काय आणि भरताड काय हे दिसू लागतं. इंग्रजी प्रश्नात ‘फर्स्ट’ असेल तर उरलेले पर्यायही बरोबर असू शकतात, फक्त त्यांची पाळी नंतरची असते. ‘नेक्स्ट’ असेल तर काही पावलं आधीच टाकलेली असतात. ती कोणती, हे प्रसंगातच लिहिलेलं असतं.

मग स्वतःला विचारायचं: पद्धत कोणती? हा निर्णय कोणाच्या अखत्यारीतला? गोष्ट घडली आहे की घडण्याची शक्यता आहे? आणि आत्तापर्यंत काय करून झालंय? या शेवटच्या प्रश्नाकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून त्यावर जरा थांबू.

समजा, टीममधल्या दोन अनुभवी लोकांचं डिझाइनवरून वाजलं आहे आणि रोजच्या बैठकीत त्याचा धूर निघतोय. तुम्ही काय कराल? दोघांना समोरासमोर बसवून मुळाशी काय आहे ते शोधायला मदत कराल. इथपर्यंत सोपं. आता त्याच प्रसंगात भर घाला: ‘प्रोजेक्ट मॅनेजरने गेल्या आठवड्यात दोघांची एकत्र बैठक घेतली. त्यांनी एका पर्यायाची चाचणी घेऊन बघायचं मान्य केलं होतं. चाचणीचा निकाल आला आहे, पण वाद चालूच आहे.’ आता पुन्हा ‘दोघांना भेटा’ हा पर्याय मागे पडतो आणि ‘चाचणीचा निकाल टीमसमोर ठेवून त्याआधारे निर्णय घ्यायला मदत करा’ हा पुढे येतो. प्रसंग वाचताना भांडण तेवढं लक्षात राहिलं आणि मधली ओळ निसटली, तर उत्तर चुकलंच.

दुसरा प्रसंग. पुरवठादार कळवतो, की महत्त्वाचा सुटा भाग तीन आठवडे उशिरा येणार. पर्यायांत ‘रिस्क रजिस्टर अद्ययावत करा’ असं दिसलं की हात तिकडे जातो, कारण ते नेहमीच जबाबदार वाटतं. पण प्रसंगात ही जोखीम आधीच नोंदवलेली आहे आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला आहे असं म्हटलं असेल, तर ठरलेला उपाय अमलात आणायचा. अशी काही नोंदच नसेल, तर आता ती जोखीम उरलेली नाही, इश्यू झाला आहे. नोंद करायची आणि टीमसोबत परिणाम तपासायचा. ग्राहकाची माफी मागणारा किंवा पुरवठादार बदलणारा पर्याय दोन्ही वेळा घाईचा.

इथे एक इशारा. ‘वरिष्ठांकडे जाण्याचा पर्याय नेहमी चुकीचा’, ‘टीमशी बोला असं असेल ते नेहमी बरोबर’ अशा याद्या सगळीकडे फिरतात. त्यांत तथ्य आहे, पण अर्धंच. तुमच्या अधिकाराबाहेरचा खर्च, कायद्याचा भंग, सुरक्षिततेचा धोका, अशा ठिकाणी वर कळवणं हेच बरोबर उत्तर असतं. प्रश्न काढणाऱ्यांनाही त्या याद्या ठाऊक असतात, हे गृहीत धरा.

चुकांची वही

तयारीतला एकच भाग नेटाने करायचा असेल तर हा करा. रोज वीस-पंचवीस प्रश्न सोडवा आणि सोडवायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ ते तपासायला द्या. स्पष्टीकरण वाचण्याआधी, बरोबर उत्तर बरोबर का आणि आपलं चूक का हे स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहा. मगच स्पष्टीकरण उघडा. लगेच स्पष्टीकरण वाचलं की ‘हो, हे माहीतच होतं’ असं वाटतं, आणि ते वाटणं फसवं असतं. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही वहीत घ्या.

प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा. संकल्पना माहीत नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, प्रसंगात नसलेली माहिती मनाने घातली, की ऑफिसातल्या सवयीने उत्तर दिलं? पहिल्या प्रकाराला वाचन हा इलाज आहे, दुसऱ्याला वेग कमी करणं. तिसऱ्याला ‘हे कुठे लिहिलंय?’ असं प्रत्येक वेळी बोट ठेवून दाखवायचं. चौथा प्रकार चिवट. दहा-बारा वर्षं प्रकल्प सांभाळलेल्या माणसांना ही परीक्षा कधी कधी नवख्यांपेक्षा जड जाते ती यामुळेच. तुमच्या कंपनीत स्पॉन्सर फोन उचलत नाही आणि चेंज रिक्वेस्टचा फॉर्म कोणी भरत नाही, हे खरं असेल, पण परीक्षेतल्या कंपनीत सगळे आपापलं काम करतात. तिथलं जग थोडं जास्त सुसंस्कृत आहे. तेवढ्यापुरतं ते मान्य करून टाका.

प्रश्न कुठून घ्यायचे? पीएमआयचे अधिकृत सराव-प्रश्न सगळ्यांत जवळचे. ‘प्रत्यक्ष परीक्षेत आलेले प्रश्न’ म्हणून जे विकलं जातं त्यापासून लांब राहा. परीक्षेतले प्रश्न बाहेर न सांगण्याचा करार उमेदवार करतात, म्हणजे तो माल एक तर चोरीचा किंवा खोटा. त्यांतली उत्तरंही खूपदा चुकीची असतात.

मॉक आणि प्रत्यक्ष दिवस

शेवटच्या तीन-चार आठवड्यांत दोन किंवा तीन पूर्ण लांबीच्या मॉक टेस्ट म्हणजे सराव परीक्षा द्या, एका बैठकीत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. २०२१ च्या रचनेत २३० मिनिटांत १८० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या जरा वर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शंभराव्या प्रश्नानंतर डोकं कसं चालतं ते कळतं.

‘मॉकमध्ये किती टक्के पडले म्हणजे पास?’ याचं नेमकं उत्तर कोणाकडेच नाही. पीएमआय उत्तीर्ण होण्याची टक्केवारी जाहीर करत नाही. निकाल प्रत्येक विभागात चार पातळ्यांत मिळतो. आकड्यापेक्षा एक खूण बघा: वहीत त्याच त्या कारणाच्या चुका कमी होत आहेत का.

संगणकावरच्या २०२१ च्या रचनेत ६० आणि १२० प्रश्नांनंतर दहा मिनिटांची सुटी मिळते. सुटी घेण्याआधी त्या भागातले प्रश्न पुन्हा बघून घ्या, कारण एकदा तो भाग संपवला की मागे जाता येत नाही. घड्याळात पहिल्या साठनंतर साधारण १५४ मिनिटं आणि दुसऱ्या साठनंतर ७७ मिनिटं उरायला हवीत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. घरून ऑनलाइन देणार असाल तर कोरा कागद वापरता येत नाही, स्क्रीनवरच्या व्हाइटबोर्डवरच लिहावं लागतं. सीपीआयचं गणित माउसने लिहून बघण्याचा सराव आधी करा, ऐन वेळी तो वैताग नको.

नापास झालात तर अर्ज मंजूर झाल्यापासूनच्या एका वर्षात एकूण तीन वेळा परीक्षा देता येते. ज्या विभागाची पातळी खालची आली असेल तिथल्या नोंदी वहीतून वेगळ्या काढा आणि पुढची तारीख त्यांवर काम झाल्यावरच घ्या. पास झालात तर दर तीन वर्षांनी प्रमाणपत्र चालू ठेवण्यासाठी ६० पीडीयू, म्हणजे पुढचं शिक्षण आणि व्यावसायिक काम मोजणारी एककं, जमवावे लागतात. त्यांची नोंद पहिल्या वर्षापासूनच करत राहा.