नाताळची तयारी 24 तारखेपासून उलटी मोजताना

नाताळ 25 डिसेंबरला येत असला, तरी घरातल्या चालीरीती टिकतात किंवा सुटतात त्या त्याच्या आधीच्या चार आठवड्यांत. माझे माहेर अहिल्यानगरचे, म्हणजे जुन्या अहमदनगरचे, प्रोटेस्टंट. सासर वसईचे, कॅथलिक. दोन्हीकडचा सण एकाच घरात बसवताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्या चालीत घरातल्या माणसांचे हात गुंतलेले असतात ती चाल पुढच्या पिढीकडे जाते, आणि जी एकटी बाई उरकते व बाकीचे फक्त पाहतात किंवा खातात ती त्या बाईबरोबरच संपते. म्हणून पुढे सांगितलेल्या प्रत्येक कामाला एक तारीख आणि एक माणूस ठरवून द्यावा.

पहिले काम नोव्हेंबरच्या अखेरीस करावे. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ वही घेऊन बसावे आणि नेमके प्रश्न विचारावेत. “तुमच्या वेळी नाताळ कसा असायचा?” असे विचारल्यास “छान असायचा” एवढेच उत्तर मिळते. कुलकुल (शिंपल्यासारखा वळून तळलेला गोड पदार्थ) वळायला कोण कोण बसायचे, ताऱ्याचा कंदील कोणत्या आढ्याला टांगायचा, मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या कॅथलिक उपासनेहून, परतल्यावर पहिला घास कशाचा असायचा, शेजारी पहिले ताट कोणाकडे जायचे, असे विचारले की आठवणी आपोआप मोकळ्या होतात. पाककृती लिहून घेताना मापांकडे विशेष लक्ष द्यावे. माझ्या सासूबाईंच्या वहीत “दोन पेले मैदा” असे लिहिलेले होते आणि तो पितळी पेला कधीच मोडीत गेलेला होता. शेवटी त्यांना अंदाजाने मैदा परातीत ओतायला सांगून आम्ही तो वजनकाट्यावर मोजला. हे काम त्यांचे हात चालत होते तोवर झाले, याचे मला आजही समाधान वाटते.

अशी जमलेली चालींची यादी लांबलचक होते. त्यातल्या चार-पाच गोष्टीच निवडाव्यात आणि बाकीच्या निःसंकोच सोडून द्याव्यात. दूध तासन्‌तास आटवून केलेले मिल्क क्रीम आम्ही घरी करणे थांबवले, कारण त्यात एकच माणूस शेगडीपाशी अडकून पडत असे. कुलकुल मात्र ठेवले, कारण त्याला आठ-दहा हात लागतात.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, आणि तेव्हापासून नाताळपर्यंत चार रविवार मिळतात. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या लावाव्यात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटवावी, गुलाबी तिसऱ्या रविवारी. ही चाल 1839 मध्ये हॅम्बुर्गच्या योहान विशेर्न या लूथरन धर्मसेवकाने अनाथ मुलांसाठी सुरू केली, आणि आज ती कॅथलिक घरांतही तितकीच रुळलेली आहे. आमच्यासारख्या दोन पंथांच्या घरात ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. मेणबत्ती पेटवल्यावर पाच-दहा मिनिटे वाचन करावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 1616 मध्ये गोव्यातल्या राशोल येथे छापलेले ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे, आणि त्यातला येशूजन्माचा भाग चार रविवारांत विभागून वाचता येतो. भाषा जुनी असल्याने मुले प्रथम गोंधळतात, परंतु मोठ्याने आणि चालीवर वाचले की निम्मा अर्थ कानांनाच कळतो. उरलेला आजीने सांगावा.

तारा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बांधावा. विकतचा प्लास्टिकचा तारा पाच मिनिटांत टांगून होतो, परंतु त्यात मुलांना करण्यासारखे काहीच उरत नाही. घरी करण्यासाठी सारख्या लांबीच्या, साधारण दोन फुटांच्या, दहा बांबूच्या काड्या आणि पाच-सहा इंचांचे पाच तुकडे घ्यावेत. पाच काड्या एकमेकींवर तिरक्या ठेवून पंचकोनी तारा जुळवावा, टोके आणि आतल्या छेदबिंदूंच्या गाठी दोऱ्याने घट्ट बांधाव्यात, आणि असाच दुसरा सांगाडा करावा. मग दोन्ही सांगाडे एकावर एक ठेवून फक्त टोके बांधावीत आणि आतल्या पाच छेदबिंदूंपाशी, दोन सांगाड्यांच्या मधोमध, ते छोटे तुकडे उभे अडकवावेत, म्हणजे ताऱ्याचे पोट फुगते. ज्यांनी दिवाळीचा आकाशकंदील घरी केला आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. माझ्या माहेरी तर शेजारची हिंदू मुले दिवाळीतल्या उरलेल्या काड्या घेऊनच ताऱ्याला मदत करायला येत. पतंगी कागद मैद्याच्या खळीने चिकटवावा. पुढच्या वर्षी ओल्या फडक्याने तो सहज निघतो आणि सांगाडा तसाच वापरता येतो. मागची एक बाजू उघडी ठेवून आत कमी वॅटचा एलईडी दिवा सोडावा. जुन्या पिवळ्या बल्बची उष्णता कागदाला सोसत नाही.

गव्हाणीची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, तयारी 12 किंवा 13 डिसेंबरला सुरू होते, आणि तीही मातीपासून. बेथलेहेमच्या गोठ्याभोवतीचे गवत आम्ही नाचणी पेरून उगवतो. नाचणी रात्रभर भिजवावी, पसरट टोपलीत किंवा ट्रेमध्ये दोन बोटे माती घ्यावी, त्यावर दाणे दाट भुरभुरावेत, वरून मातीचा पातळ थर द्यावा आणि ओले गोणपाट दोन दिवस झाकून ठेवावे. कोंब दिसताच गोणपाट काढून ट्रे उजेडात ठेवावा आणि रोज हाताने पाणी शिंपडावे. घटस्थापनेच्या घटातला गहू जसा नऊ दिवसांत वर येतो तसाच हा हिशेब आहे. एका वर्षी उत्साहाच्या भरात मी 1 तारखेलाच पेरणी केली आणि 24 तारखेला आमचे बेथलेहेम पिवळे पडून आडवे झालेले होते. त्यामुळे रोज पाणी घालण्याचे काम मुलांकडे असले, तरी पेरणीची तारीख मोठ्यांनी पाळावी.

गोठ्यासाठी भाताचा पेंढा, करवंट्या, दगड, विटांचे तुकडे, जुन्या आरशाचे तळे असे घरचेच सामान वापरावे. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी पहिली गव्हाण मांडली तेव्हा तिच्यात गवत, खरा बैल आणि खरे गाढव होते. थर्मोकोलचा महाल नव्हता, हे सजावटीची स्पर्धा डोक्यात शिरलेल्या मोठ्या मुलांना आवर्जून सांगावे. मरिया आणि योसेफ यांच्या मूर्ती आधी मांडाव्यात, पण गव्हाण रिकामी ठेवावी. बाळ येशूची मूर्ती 24 च्या रात्री घरातल्या सर्वांत लहान मुलाने ठेवावी. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांना तर घराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या फडताळावर, उभे करावे आणि रोज एक-एक टप्पा पुढे सरकवावे. ते 6 जानेवारीला, राजांच्या सणाला, गोठ्यापाशी पोहोचतात. गोव्यात रेईश मागूश, कासावली आणि चांदर येथे हा दिवस मोठ्या थाटात साजरा होतो. घरात मात्र राजांना चालवणारा मुलगा रोज सकाळी सर्वांआधी उठतो, एवढाच थाट पुरतो.

आता फराळ. माहेरी नाताळला करंजी, चकली, शंकरपाळे आणि लाडू असत, अगदी दिवाळीसारखेच. सासरी कुलकुल, करंजीसारख्या नेवऱ्या, केक आणि मार्झिपान ही मिठाई. केकचा सुका मेवा नोव्हेंबरमध्येच रममध्ये भिजत घालावा; ज्यांना मद्य नको त्यांनी तो दोन-तीन दिवस आधी संत्र्याच्या रसात भिजवून फ्रीजमध्ये ठेवावा. कुलकुलांसाठी 15 ते 20 तारखांमधली अशी एक संध्याकाळ निवडावी, जेव्हा सगळे घरी असतील, आणि त्या संध्याकाळी दुसरे कोणतेही काम काढू नये.

अर्धा किलो मैदा, 50 ग्रॅम बारीक रवा, 100 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि तीन मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन एकत्र चोळून घ्यावे. त्यात एक अंडे फेटून घालावे आणि लागेल तसे नारळाचे घट्ट दूध घालत पुरीच्या कणकेइतपत घट्ट पीठ मळावे. दूध एकदम ओतू नये, कारण सैल पिठावर रेघा उठत नाहीत. ओल्या फडक्याखाली पीठ तासभर ठेवावे. नंतर बोराएवढ्या गोळ्या कराव्यात, काट्याच्या पाठीला किंवा केवळ यासाठीच राखलेल्या नव्या फणीला तेलाचे बोट लावावे, गोळी त्यावर अंगठ्याने दाबून पातळ पसरवावी आणि लगेच वरच्या कडेपासून आपल्याकडे गुंडाळत आणावी. चांगले कुलकुल शिंपल्यासारखे दिसते, आतून पोकळ असते आणि त्याची शेवटची कड नीट चिकटलेली असते. कड सुटली तर ते तेलात उलगडते. मुलांची कुलकुले जाड आणि वाकडी होतात. ती बाजूला काढून वेगळ्या घाण्यात तळावीत, कारण त्यांना वेळ जास्त लागतो. परत वळून “नीट” करू नयेत. मंद-मध्यम आचेवर बदामी रंगावर तळून, पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरावीत. ऊन असताना झाकण लावल्यास वाफेने ती मऊ पडतात.

शेजाऱ्यांसाठीची ताटे 23 किंवा 24 तारखेला जावीत. यात एक दक्षता महत्त्वाची आहे. शाकाहारी घरांसाठी अंडे न घातलेले कुलकुल, करंजी आणि शंकरपाळे वेगळ्या कढईत, वेगळ्या तेलात तळावेत आणि ताट देताना तसे स्पष्ट सांगावे. आपण विचारपूर्वक केले आहे हे कळले की समोरचा निर्धास्तपणे खातो, आणि ताट कधीच रिकामे परत येत नाही.

मांसाहाराबद्दल थोडक्यात सांगायचे तर सोरपोतेल हा डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट पदार्थ 22 तारखेलाच शिजवावे, रोज एकदा नीट उकळून थंड झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे; ते मुरल्यावरच खरे लागते. फुग्यांचे, म्हणजे त्याबरोबर खायच्या तळलेल्या गोल पावांचे, पीठ मात्र त्या त्या दिवशीच भिजवावे आणि फुगे गरम वाढावेत.

गाण्यांसाठी नगरकडची रीत मला अधिक जवळची वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी भजन-कीर्तनाला मराठी ख्रिस्ती उपासनेत जागा मिळवून दिली, आणि आमच्याकडे नाताळची फेरी पेटी, ढोलकी आणि झांजांवरच निघत असे. मोबाइलवर इंग्रजी कॅरोल लावण्यापेक्षा तीन मराठी गीते सर्वांना तोंडपाठ असावीत. ती आगमनकाळाच्या रविवारी, वाचनानंतर, एकेक करून बसवावीत.

24 च्या मिस्साची वेळ दरवर्षी धर्मग्रामाच्या (आपल्या चर्चच्या) सूचनाफलकावर पाहावी. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध असल्याने, खास सवलत नसेल तर उघड्यावरची “मध्यरात्रीची” मिस्सा बऱ्याच ठिकाणी लवकर सुरू होते. म्हाताऱ्या माणसांसाठी शाल आणि घडीची खुर्ची आधीच दाराशी काढून ठेवावी.

घरातली माणसे आखातात किंवा कॅनडात असतील, तर त्यांना 25 तारखेला फोन करून केक दाखवण्यात फारसा अर्थ नाही. कुलकुलांच्या संध्याकाळी फोन परातीसमोर उभा करावा आणि त्यांनीही तिकडे अर्धा किलो मैदा मळून बसावे. कोणाचे कुलकुल उलगडले यावरून जी चेष्टा रंगते तिला अंतर आड येत नाही. घरचा फराळ पाठवायचा असल्यास त्या देशाचे नियम आधी पाहावेत, मांसाचे पदार्थ पाठवू नयेत आणि कुलकुले साखरेच्या पाकात न घोळवता कोरडीच भरावीत.

घरात त्या वर्षी कोणी गेले असेल, तर सण सजवला जात नाही आणि फराळ नातेवाईक आणून देतात. तरीही गव्हाण मांडावी, असे माझे मत आहे. गेलेल्या माणसाने ती वर्षानुवर्षे मांडली असेल तर त्याच्या हातची एखादी वस्तू, एखादा दगड किंवा आरशाचा तुकडा, तिच्यात असतोच.

6 जानेवारीनंतर पहिल्या सुटीच्या दिवशी आवराआवर करावी. मूर्ती एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात, ताऱ्याचा सांगाडा माळ्यावर उभा ठेवावा, नाचणीचे गवत कोंबड्यांना किंवा कुंडीत घालावे. आणि वहीत, नव्या पानावर, तारखेसह लिहावे: कुलकुल दीड किलोचे केले, 27 तारखेला डबा रिकामा, पुढच्या वर्षी दोन किलो, नाचणी 12 लाच पेरणे, फणीचे दोन दात तुटले, नवी आणणे.