थंडीत घर उंदीर-घुशींपासून कसं राखावं

सोयाबीनची रास झाली, शिवार मोकळं झालं, की पंधरा-वीस दिवसांत रात्री माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरात, धावपळ ऐकू यायला लागते. पावसाळाभर बांधावर आणि पिकाच्या आडोशाला जगलेल्या उंदराची बिळं पाळी-नांगरटीत मोडलेली असतात. रात्री गार पडायला लागतात आणि नेमक्या त्याच वेळी घरोघर पोत्यांच्या थप्प्या लागतात. आपल्या कोरडवाहू मुलखात याला पाण्याची ओढही जोडली जाते. ओढे आटले की गळका रांजण, मोरी, गोठ्यातली कुंडी हेच उंदराचे पाणवठे. ठिबकच्या नळ्या कुरतडलेल्या दिसतात त्या बऱ्याचदा याच तहानेपायी.

म्हणून हे काम दिवाळी ते येळवस (मार्गशीर्ष अमावास्या) या काळात उरकून घ्यावं. त्याचा क्रमही ठरलेला असावा: आधी ओळख, मग खाणं-पाणी तोडणं, मग वाटा बुजवणं, मग पिंजरा, आणि औषध अगदी शेवटी. बहुतेक घरांत याच्या उलट होतं. दुकानातून औषध आणतात, चार उंदीर मरतात आणि महिन्याभरात तेवढेच पुन्हा दिसतात. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच-सात पिलं होतात. वाट उघडी आणि खाणं हजर असेल तर मेलेल्याची जागा भरायला वेळ लागत नाही.

कोण आलंय ते ओळखा

संध्याकाळी चुलीतली राख चाळून भिंतीच्या कडेने, कोठीभोवती आणि दाराशी पातळ पसरा. उंदीर मोकळ्या जागेतून सहसा जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. सकाळी राखेत पावलं आणि मधोमध शेपटीची रेघ दिसेल. ती कुठून येते आणि कुठे जाते, हे कागदावर काढून ठेवा. पुढचं सगळं काम या नकाशावर चालतं.

लेंड्याही बघा. तांदळाच्या दाण्याएवढ्या आणि टोकदार असतील तर तो छोटा घरउंदीर. अर्धा इंच लांब आणि उंचावर, आढ्यावर, फळीवर पडलेल्या असतील तर चढणारा काळा उंदीर. माळवदातला आवाज बहुधा त्याचाच. लेंडी त्याहून जाड असेल आणि भिंतीच्या बुडाशी, गोठ्यात किंवा उकिरड्याकडच्या बाजूला ताज्या मातीचा ढिगारा असेल तर घूस. घुशीचं कोणतं बीळ चालू आहे हे कळायला संध्याकाळी सगळी तोंडं ओल्या मातीने लिंपून टाका. सकाळी जी उघडलेली असतील, तेवढीच चालू.

चिकचिक करत भिंतीकडेने पळणारी, उग्र वासाची, लांब सोंडेसारख्या तोंडाची चिचुंद्री उंदीर नव्हे. ती झुरळं आणि किडे खाते. तिला मारू नका.

खाणं आणि पाणी तोडा

भाव येईल म्हणून सोयाबीन घरात ठेवलेलं असतं, तेही बसायच्या खोलीत भिंतीला टेकवून. दुसरी जागा नसते हे मला माहीत आहे, आमच्याकडेही तेच होतं. पण थप्पी भिंतीपासून दीड फूट सरकवा. मागून झाडू फिरला पाहिजे, मांजराला जाता आलं पाहिजे. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांच्या फरशीवर ठेवा, खाली फूटभर मोकळी जागा राहू द्या. घरात खायला ठेवलेली ज्वारी, गहू आणि डाळी पत्र्याच्या कोठीत ठेवा, झाकण घट्ट बसतंय ना ते बघा. प्लास्टिकचा डबा उंदराला अडवत नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडत राहावंच लागतं.

जुन्या घरातल्या भिंतीत बळद (धान्य साठवायची पोकळी) असेल आणि वापरात नसेल तर ते रिकामं करून आतून तपासा. कित्येक घरांत उंदरांची मूळ वस्ती तिथेच निघते.

धान्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण गोठ्यातलं सरकी पेंडीचं पोतं उघडंच राहतं. उंदीर तिथूनच पोसले जातात. पेंडीला आणि कोंबड्यांच्या खाद्याला जुनी पत्र्याची टाकी किंवा झाकणाचा ड्रम करा. रात्री जनावरांच्या गव्हाणीत भरडा शिल्लक ठेवू नका. भाकरीचं टोपलं उघडं ठेवू नका, खरकटी भांडी सकाळसाठी मोरीत टाकू नका. गळका नळ दुरुस्त करा. रांजणाखाली पाणी साचत असेल तर रांजण तिवईवर घ्या.

पऱ्हाट्या, तुराट्या आणि सरपण भिंतीला लावून रचू नका. घरापासून आठ-दहा फूट तरी लांब रचा. कडब्याची गंजी दगडांवर लाकडं आडवी टाकून त्यावर लावा. घराभोवतीची दोन-तीन फुटांची पट्टी झाडून मोकळी ठेवली तर नवं बीळ पहिल्याच दिवशी दिसतं. यामागे आणखी एक कारण आहे. उंदराच्या मागे साप येतो, आणि तुराट्यांच्या ढिगात हात घालताना तो कळत नाही.

वाटा बुजवा

मोजमाप सोपं आहे. पेन्सिल जिथून आत जाते तिथून छोटा उंदीर जातो. अंगठा जाईल एवढ्या भोकातून मोठा जातो. डोकं गेलं की अंग दाबून तो आत शिरतो. म्हणून हातात पेन्सिल घेऊन, दिवसा दारं लावून, आतल्या अंधारातून कुठून उजेड येतो ते बघत घरभर फिरा.

दार: खालची फट पाव इंचाहून जास्त असेल तर दाराच्या बुडाला बाहेरून पत्र्याची पट्टी ठोका. नुसती रबराची पट्टी कुरतडली जाते. जुन्या घरात उंबरा झिजून मध्ये खोलगट झालेला असतो, तो सिमेंटने सपाट करून घ्या.

पत्र्याचं छप्पर: १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे पुष्कळांनी दगड-मातीच्या जड भिंती सोडून सिमेंटची किंवा पत्र्याची घरं केली. पत्रा भिंतीवर टेकतो तिथे त्याच्या प्रत्येक नळीखाली एक तयार भोक असतं. कापड-कागद कोंबून उपयोग नाही. तारेची घासणी घट्ट बसवून वर सिमेंटचा गिलावा द्या. कंटाळवाणं काम आहे, पण एकदा केलं की वर्षानुवर्षं टिकतं. निंबाची किंवा शेवग्याची फांदी छपराला टेकत असेल तर चार फूट मागे छाटा.

माळवद: इथे उंदीर किलचणाच्या (तुळयांवर अंथरलेल्या लाकडांच्या) वर, मातीच्या थरात राहतो. खालून भोकं बुजवून भागत नाही, वरूनही बघावं लागतं. पाऊस पूर्ण थांबल्यावर, वजनाला माळवद झेपेल याची खात्री करून वर चढा. बिळं उकरून मोकळी करा, त्यांत खडी आणि चुना मिसळलेली पांढरी माती ठासून भरा आणि वरून चोपून घ्या. नुसती भुसभुशीत माती ढकलली तर तो दुसऱ्या रात्री ती परत उकरतो. भिंत आणि तुळई जिथे मिळतात त्या सांध्यात फट पडलेली असते, ती खालून खडी-सिमेंटने भरा. उजेडासाठी ठेवलेल्या सवण्याला पाव इंची वेल्डमेश जाळी बसवा. डासांची प्लास्टिक जाळी उंदीर एका रात्रीत फाडतो.

मोरी आणि पाइप: मोरीच्या भोकाला लोखंडी जाळी हवीच. बोअरचा पाइप, नळ आणि वायर भिंतीतून येतात तिथली फट तारेची घासणी आणि सिमेंटने भरा.

घूस: हिचं काम वेगळं, कारण ती वरून येत नाही, खालून खणते. पांढऱ्या मातीच्या भिंतीचा पाया ती पोखरते आणि एक दिवस जमीन खचते. चालू बिळात आधी दगडांचे तुकडे आणि फुटक्या काचा भरा, मग पातळ सिमेंट ओता. हे करताना हातात जाड मोजे असू द्या. ज्या बाजूने ती वारंवार येते तिथे भिंतीला लागून दोन फूट खोल चर काढा. त्यात जाळी उभी बसवून तिचं खालचं टोक फूटभर बाहेरच्या बाजूला वळवा आणि चर बुजवा. घूस भिंतीलगत खणते, आडवी जाळी लागली की अडते. संपूर्ण घराला जमत नसेल तर उकिरडा आणि गोठा ज्या बाजूला आहे ती बाजू आधी करा.

एक गोष्ट मी सगळ्यांना बजावून सांगतो: गॅसची नळी. उंदीर ती कुरतडतो. साधी रबरी नळी असेल तर आतून तारेची वीण असलेली घ्या आणि दर महिन्याला हात फिरवून तपासा. मोटारीची स्टार्टर पेटी आणि चार-चार दिवस उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरचं बॉनेटही उघडून बघत जा. थंडीत तिथे ऊब मिळते, वायरी तोडल्या जातात.

आत राहिलेले पकडा

वाटा बुजवल्यावर जे आत अडकले ते पिंजऱ्यात किंवा चापात येतात. मला चाप बरा वाटतो, नीट लागला तर काम क्षणात होतं. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे करून ठेवा. राखेत जिथे पावलं दिसली होती तिथेच ठेवा, खोलीच्या मध्यभागी नाही. भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, तेल लावलेला भाकरीचा तुकडा किंवा सुकट, यांतलं काहीही चालतं. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून तीन-चार रात्री चाप न ताणता नुसतं आमिष ठेवा, तो निर्धास्त खायला लागला की मग ताणा. एकच चाप रोज लावण्यापेक्षा एका रात्री सहा-आठ लावलेले जास्त उपयोगी पडतात. पिंजऱ्यातला जिवंत उंदीर शेजाऱ्याच्या शिवारात नेऊन सोडू नका.

चिकट पुठ्ठा वापरू नका. उंदीर त्यावर तासन्तास तडफडतो, पाली आणि चिमण्याही अडकतात. आपल्याकडच्या धुळीत त्याचा चिकटपणाही फार दिवस राहत नाही. उंदीर पळवणाऱ्या आवाजाच्या यंत्रांना ते लवकर सरावतात, त्यावर पैसे घालू नका.

मांजर छोट्या उंदरांसाठी चांगलं. मोठ्या घुशीला तेही टाळतं. शिवारात गव्हाणी घुबड असेल तर त्याला हुसकावू नका, त्याचं मुख्य खाणंच उंदीर. अपशकुनाच्या नावाखाली त्याची पिलं मारतात याचं मला फार वाईट वाटतं. धामणही उंदीरच खाते आणि ती बिनविषारी आहे.

औषधाबाबत

राहत्या घरात औषध टाळा. माळवदात किंवा बळदात मेलेला उंदीर काढता येत नाही आणि घर कुजक्या वासाने भरतं. वापरायचंच झालं तर ब्रोमाडायोलोनची वडी कडीकुलपाच्या पेटीत, घराबाहेर ठेवा. ती रक्त गोठू देत नाही, उंदीर काही दिवसांनी मरतो. चुकून माणसाच्या पोटात गेली तर व्हिटॅमिन के-१ हा त्यावर उतारा आहे, म्हणून पुडा फेकू नका, दवाखान्यात सोबत न्या.

झिंक फॉस्फाईड शेतासाठी आहे, घरासाठी नाही. त्याला उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नका, ती यकृत निकामी करते आणि तिच्यावरही उतारा नाही. आणि धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या बिळात किंवा पोत्यात टाकून त्याच खोलीत झोपणं म्हणजे लेकरांचा जीव धोक्यात घालणं. हवेतल्या ओलाव्याने त्यातून विषारी वायू निघतो, तो फटींतून शेजारच्या खोलीतही जातो. या गोळ्या सामान्य माणसाने वापरायच्या नाहीतच.

लेंड्या आणि मेलेले उंदीर

कोरडी लेंडी झाडूने झाडू नका, धूळ नाकातोंडात जाते. दारं-खिडक्या अर्धा तास उघडा, ब्लिचिंग पावडरचं पाणी शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या, मग फडक्याने पुसून ते फडकं जाळा. पेटीतून काढलेल्या वाकळी आणि घोंगड्या कडक उन्हात टाका, घरटी झालेल्या चिंध्या वापरू नका. उंदराच्या मुतामुळे लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून पायाला जखम असेल तर गोठा साफ करताना बूट घाला.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचला आणि दोन फूट खोल पुरा. चाप किंवा औषध न लावताच घरात, गल्लीत एकामागून एक उंदीर मरून पडत असतील तर गप्प बसू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी असेच उंदीर पडू लागले होते, घरांत पिसवा वाढल्या होत्या, आणि त्यानंतर गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. अशा वेळी उंदीर मारण्याआधी पिसवांचा बंदोबस्त करावा लागतो, आणि तो आरोग्य खात्याच्या माणसांनीच करायचा असतो.

येळवस झाली की पुन्हा एकदा राख पसरा. तीन रात्री एकही पाऊल उमटलं नाही तर चाप काढून ठेवा. तूर घरात येईल तेव्हा आणि ज्वारीची रास झाल्यावर हीच राख परत पसरायची.