सेकंडहँड मॅनिफोल्ड आपल्या पिकअपला बसतोय का, पैसे द्यायच्या आधी बघा

जुन्या पिकअपचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनचा धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाईपात सोडणारा भाग, टिचला की नवीन लवकर मिळत नाही, मग सगळेच भंगारात शोधतात, त्यात चुकीचं काही नाही. पण दुकानदार "बसतंय की, सेम गाडीचा हाय" म्हणाला म्हणून लगेच उचलू नका. मी तसाच उचललेला, स्टडची (तो इंजिनला आवळणाऱ्या बोल्टांची) सगळी भोकं जुळली आणि खालचं तोंड निघालं स्टार्टरच्या अंगावर, पाईप खाली न्यायला जागाच नाही.

गाडीचं नाव सांगू नका, इंजिन सांगा. महिंद्राच्याच जुन्या गाड्यांत प्युजोचं २४९८ सीसीवालं पण आलंय आणि २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शनचं) पण, बॉनेट बघून काय कळणार? टर्बोवाला का साधा ते पण बघा, टर्बोच्या मॅनिफोल्डचं तोंड टर्बो बसवायला केलेलं असतं, आपला पाईप त्याला लागत नाही. ईजीआरचं (थोडा धूर परत इंजिनात सोडायचं) जादा भोक असेल तर प्लेट मारून बंद करता येतं.

जाताना जुनं पॅकिंग (मॅनिफोल्ड आणि इंजिनच्या मधलं गॅस्केट) घेऊन जा, फाटकं असलं तरी चालतंय, नसेल तर नवीन घ्या, नाहीतरी लागणारच आहे. ते मॅनिफोल्डच्या हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) टेकणाऱ्या तोंडावर धरा, भोकं जुळतात का बघा आणि प्रत्येक पोर्टच्या (धुराच्या भोकाच्या) चारी बाजूला पॅकिंग दाबायला पुरेसा सपाट धातू उरतोय का तेही बघा, कारण लिकेज तिथूनच सुरू होतं. मॅनिफोल्डचं भोक हेडच्या भोकापेक्षा लहान असलं तर धूर अडतो, किंचित मोठं असलं तर चालतं. खालच्या फ्लँजवर, म्हणजे पाईप जोडायच्या चपट्या कडेवर, वहीचा कागद ठेवून काळ्या बोटानं घासा, कडा उमटतात, तो कागद घरी आणून आपल्या पाईपला लावा. शिवाय पहिल्या स्टडपासून खालचं तोंड किती मागं, किती खाली, किती बाहेर ही तीन मापं घ्या, माझं नेमकं हेच राहिलेलं.

पाईपवाला हेडर (बिडाऐवजी वाकवलेल्या पाईपांचा मॅनिफोल्ड) असेल तर जास्तच जपून. स्टिअरिंगचा रॉड, चासी, ब्रेकचे पाईप, वायरिंग सगळं तिथंच असतं आणि रेस दिली की इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून सगळीकडनं निदान अंगठा जाईल एवढी जागा पाहिजेच. बाहेरच्या देशातल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा हेडर असेल तर आपला रॉड आडवा येऊ शकतो.

आता माल बघा. हेडकडच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरा, खालनं ०.२ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) शिरत असेल तर बाक आलाय, बाक थोडा असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेसिंग (तोंड मशीनवर सपाट) करून मिळतं, त्याचा खर्च किमतीत धरा. चीर शोधायला रॉकेल लावा, थोडं थांबून कोरडं पुसा आणि खडू फासा, चीर असली की ओली रेघ उमटते. बिडाच्या मॅनिफोल्डला वेल्डिंग दिसलं तर मी तरी घेत नाही, बीड नीट तापवून वेल्ड केलं नसेल तर शेजारीच परत तडकतं, मग गगनबावड्याचा घाट चढताना धूर केबिनमध्ये येतो आणि त्या धुरानं जीव जाऊ शकतो.

हे सगळं जमलं तरी पैसे देताना "अडकवून बघतो, नाही बसला तर परत" एवढं कबूल करून घ्या, आणि घरी आल्यावर गाडी थंड असताना पॅकिंग न घालता दोनच नटावर अडकवून बघा, तोपर्यंत त्याला कानस लावायची नाही, नाहीतर परत कोण घेणार.