घरी सँडब्लास्टर घेताय? या चुका टाळा, आणि आधी हवा मोजा

सँडब्लास्टर म्हणजे हवेच्या जोरावर बारीक, कठीण कण मारून गंज आणि रंग उडवणारं साधन. माझा पहिला प्रयोग वडिलांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या सस्पेन्शन आर्मवर झाला. हातात बाराशे रुपयांची नवीकोरी ब्लास्टिंग गन, शेजारी मित्राकडून उचलून आणलेला छोटा कॉम्प्रेसर. ट्रिगर दाबला, आणि तळहाताएवढ्या जागेवरचा पस्तीस वर्षांचा गंज बघता बघता उडून खाली करडं, कोरं लोखंड दिसलं. मी आनंदाने बायकोला हाक मारली. ती मागच्या दारात येईपर्यंत गनमधून नुसती फुसफुस चालली होती.

गन बिघडली नव्हती. हवा संपली होती.

घरी पार्ट साफ करायला स्वस्तातला सँडब्लास्टर शोधणारे जवळजवळ सगळे इथेच फसतात. गन कुठली, कॅबिनेट (म्हणजे ज्यात हात घालून ब्लास्टिंग करायचं ती बंद पेटी) केवढं, सोबत चार नोझल मिळतात का, यावर रात्र रात्र घालवतात आणि कॉम्प्रेसरचा विचार शेवटी करतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं आपण हसून म्हणतो. इथे मात्र हिशोब तसाच करायचा असतो. गन म्हणजे एक नळी आणि एक भोक. काम हवा करते.

पीएसआय बघून कॉम्प्रेसर घेणं

दुकानदार "एकशे वीस पीएसआय देतो साहेब" म्हणतो आणि आपण मान डोलावतो. पण पीएसआय म्हणजे नुसता दाब, आणि दाब तर सायकलच्या पंपातूनही मिळतो. विचारायचं असतं ते मिनिटाला किती हवा, म्हणजे सीएफएम. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला साधारण २८ लिटर. त्यातही पाटीवर छापलेला आकडा पुष्कळदा सिलिंडरच्या मापावरून काढलेला असतो. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, जिला एफएडी म्हणतात, ती त्याहून बरीच कमी असते. तोच आकडा मागा. दुकानदार गडबडला, तर स्वतः मोजा.

मोजणं सोपं आहे. टाकी ५० लिटरची धरू. काटा ६० वरून ९० पीएसआयवर जायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर बघा. ३० पीएसआय म्हणजे जवळजवळ २ बार, बाहेरच्या हवेच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे टाकीत बाहेरची सुमारे १०० लिटर (५० च्या दुप्पट) हवा गेली. त्याला ४० सेकंद लागले असतील, तर मिनिटाला १५० लिटर. सव्वापाच सीएफएम. माझ्या मित्राचा २ एचपीचा कॉम्प्रेसर एवढाच निघाला.

आता गनकडे या. कण स्वतःच ओढून घेणाऱ्या साध्या सायफन गनमध्ये आत एक छोटा एअर जेट असतो आणि पुढे नोझल. हवा किती जाणार ते आतला जेट ठरवतो. ८० पीएसआयला २ मिमीचा जेट साधारण ७ सीएफएम खातो, अडीचचा १०-११, आणि ३ मिमीचा १५ च्या पुढे. माझ्या गनमध्ये अडीचचा होता. म्हणजे गन मागतेय मिनिटाला २८० लिटर आणि कॉम्प्रेसर देतोय १५०. ५० लिटरची टाकी ११० वरून ७० वर यायला जेमतेम एक मिनिट, आणि परत भरायला आणखी एक. अर्धा वेळ काम, अर्धा वेळ मोटारीचा आवाज ऐकत बसायचं. त्यात मोटारीला विश्रांती नाहीच. हे छोटे, थेट मोटारीला जोडलेले (डायरेक्ट ड्राइव्ह) कॉम्प्रेसर अर्धा वेळ थांबण्याच्या हिशोबानेच बनवलेले असतात, सलग तासभर चालवले की तापून बसतात.

छोटाच कॉम्प्रेसर असेल तर निदान गनचा जेट २ मिमीचा करून घ्या आणि पुढचं नोझल त्याच्या दुप्पट, म्हणजे ४ मिमीच्या आसपास ठेवा. काम सावकाश होईल, पण होईल. नट, ब्रॅकेट, बिजागऱ्या, एवढ्यासाठी पुरतं.

मी पुढे काय केलं? पंक्चरवाल्यांकडे असतो तसा पट्ट्यावर चालणारा, दोन सिलिंडरचा, ३ एचपीचा जुना कॉम्प्रेसर घेतला. घरातल्या सिंगल फेजवर ह्याच्या पलीकडे जाऊ नये असं माझं मत. तेवढ्यासाठीही वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी लागतो, आणि त्याआधी महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार बघावा लागतो. लांब, बारीक एक्स्टेन्शन बोर्डावर मोटार सुरू करू नका. व्होल्टेज पडतं, मोटार गुरगुरते आणि पहिल्यांदा कपॅसिटर जातो.

जुना घेताना टाकीकडे मात्र दयामाया नको. खालचा ड्रेन उघडा. लाल गढूळ पाणी आलं, तर आतून पत्रा खाल्लेला असण्याची शक्यता धरा. टाकीत पाणी भरून हायड्रो टेस्ट करून घ्या, सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून बघा, आणि टाकीवर वेल्डिंगचा पॅच दिसला तर तिथूनच परत फिरा. हवेची टाकी नुसती गळत नाही, फुटूही शकते.

पाण्याचा सापळा चुकीच्या जागी

गन पचपच करते, थोडा वेळ चालते, मग माल, म्हणजे मारायचे कण, येणंच बंद होतं. पावसाळ्यात हे हमखास. कॉम्प्रेसरमधून हवा गरम निघते, पाणी तेव्हा वाफेच्या रूपात असतं. पाणी अडवणारा सापळा टाकीच्या तोंडालाच बसवला तर वाफ त्यातून बिनधास्त निघून जाते आणि पुढे नळीत गार होऊन पाणी होतं. म्हणून मध्ये पाच-सात मीटर पाइप फिरवा, हवा गार होऊ द्या, आणि सापळा गनच्या जवळ लावा. मी भिंतीवर लोखंडी पाइपची वर-खाली वळणं घेतलीत, सगळ्यात खालच्या टोकाला एक कॉक. रोज उघडतो. जुलैत त्यातून चहाचा कपभर पाणी निघालंय.

ती गुंडाळी झालेली रंगीत स्प्रिंगसारखी नळी इथे वापरू नका. ती दिसायला छान असते, पण आतून बारीक असते. अर्धा इंची नळी घ्या. आणि दाब नेहमी ट्रिगर दाबलेला असताना बघा. सोडलेल्या ट्रिगरला ९० दाखवणारा काटा दाबल्यावर ५० वर आला, तर तुमचं काम ५० वर चाललंय.

वाळू वापरणं

नावातच सँड आहे म्हणून लोक बांधकामावरची चाळलेली वाळू भरतात. कृपा करून नको. वाळूचा कण आपटून फुटतो आणि सिलिकाची धूळ होते, इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही आणि थेट फुप्फुसात जाऊन बसते. सिलिकोसिस झाला की परत फिरणं नाही. ब्रिटनमध्ये कास्टिंगचं ब्लास्टिंग वाळूने करायला १९५० पासून बंदी आहे. तुर्कस्तानात जीन्सला जुनाट रूप द्यायला वाळू मारणारी तरुण पोरं या रोगाने गेली, तेव्हा २००९ मध्ये तिथे ते बंद झालं. आपल्याकडेही कायद्याने नोंदवायच्या रोगांच्या यादीत सिलिकोसिस आहे. पण घरच्या शेडमध्ये बघायला कोणी इन्स्पेक्टर येत नाही.

लोखंडावरच्या गंजासाठी तपकिरी अॅल्युमिनियम ऑक्साईड, ८० मेशच्या आसपास. मेशचा आकडा जितका मोठा तितका कण बारीक. अॅल्युमिनियमच्या पार्टला ग्लास बीड, ५०-६० पीएसआयवर, छान सॅटिन चमक येते. गार्नेटही चांगलं. चाळून परत परत वापरता येतं म्हणून महाग वाटलं तरी परवडतं. आणि वाळू नसली तरी तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. उडणारा गंज, जुना शिशाचा रंग, सगळं धुळीतच असतं. धूळ अडवणाऱ्या फिल्टरची काडतुसं लावायचा हाफ मास्क घ्या. पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचे ब्रेक शू आणि ड्रममधली धूळ तर ब्लास्ट करूच नका, फुंकूही नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून काढा.

कॅबिनेटची काच, शॉक आणि व्हॅक्यूम

टेबलावर ठेवायचं छोटं कॅबिनेट घ्यायला हरकत नाही, पण त्याची प्रत्येक सांध गळणार हे गृहीत धरा. आतून सिलिकॉन सीलंट भरा. काचेवर साधी पारदर्शक फिल्म चिकटवा, नाहीतर आठवड्यात काच बाथरूमच्या खिडकीसारखी होते. हातमोज्यांतून झिणझिण्या आल्या तर घाबरू नका, ती स्थिर वीज. कॅबिनेट आणि आतला पार्ट दोन्ही अर्थिंगच्या तारेला जोडा. धूळ ओढायला घरातला व्हॅक्यूम क्लीनर थेट लावलात तर दोन दिवसांत त्याची मोटार आणि चार दिवसांत घरातली शांतता जाईल. मध्ये एक बादलीचा सायक्लोन, म्हणजे हवा गोल फिरवून धूळ आधीच खाली पाडणारं भांडं, लागतोच.

ग्रीससकट पार्ट आत टाकणं

ग्रीस ब्लास्टिंगने निघत नाही. कण त्यात रुततात, उरलेला सगळा माल तेलकट होतो आणि पुढच्या प्रत्येक पार्टवर तेल बसतं. आधी खरवडा, डिझेलने धुवा, मग साबणाच्या गरम पाण्याने, आणि पूर्ण वाळवा. पूर्ण म्हणजे पूर्ण. डिझेलची वाफ आणि वर सांगितलेली स्थिर वीज एका पेटीत नको.

काही पार्ट आत न्यायचेच नाहीत. बेअरिंग, क्रँककेस, इनटेक मॅनिफोल्ड, ज्यात तेलाच्या किंवा हवेच्या वाटा आहेत ते काहीही. एक ग्लास बीड तेलाच्या वाटेत अडकून राहिला आणि इंजिन सुरू झाल्यावर सुटला, की बेअरिंगला चरे पडतात. धुतलं तरी खात्री देता येत नाही. आटे असलेल्या भोकात जुने बोल्ट फिरवून ठेवा. आणि बॉनेट, दरवाजा, मडगार्ड यांच्यावर जोरात मारू नका. पाऊण-एक मिमीचा पत्रा कणांच्या माऱ्याने एका बाजूने ताणला जातो आणि लाटेसारखा वाकतो. तो परत सरळ होत नाही.

आता एक कबुली. चाकाच्या पाच रिम आणि मागचा अॅक्सल मी घरी केलाच नाही. कोल्हापुरात राहून ते घरी करणं वेडेपणा आहे. उद्यमनगरात, शिरोलीत फाउंड्रीवाल्यांची मशिनं आहेत, जॉबवर करून देतात. तुमच्याकडे एवढेच मोठे पार्ट असतील तर काहीच विकत घेऊ नका. आणि आतून गंजलेल्या नळ्या, जिथे गन पोचतच नाही, तिथे पशुखाद्याच्या दुकानातली मळी एकास नऊ पाण्यात घालून पार्ट दोन आठवडे बुडवून ठेवा. वास येतो, पण गंज जातो. फक्त लोखंडच बुडवा, अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

चालता चालता बिघडलं तर

माल धडधड करत, थांबून थांबून येतो? ओढणारी नळी मालात पूर्ण गाडली गेली आहे. तिला मागून थोडी हवा मिळाली पाहिजे, वरच्या टोकाजवळ छोटं भोक असतं, ते मोकळं करा. अजिबात येत नाही? माल ओला आहे किंवा रंगाचा पापुद्रा अडकलाय. तव्यावर भाजा, चहाच्या गाळणीने चाळा. आधी जोरात चालायचं, आता तोच दाब असून मऊ लागतं? नोझल झिजलं. सोबत मिळणारं सिरॅमिक नोझल काही तासांचंच असतं. ४ चं ६ झालं की भोकाचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. टंगस्टन कार्बाइडचं एकच घ्या, चारही फुकटची फेकून द्या.

तो पहिला आर्म मी शेवटी तीन संध्याकाळ खपून पूर्ण केला. उघड्या हाताने उचलून कौतुकाने खिडकीत ठेवला, उद्या प्रायमर मारू म्हणून. बाहेर पाऊस. सकाळी बघतो तर करड्या लोखंडावर गंजाने माझी पाच बोटं उमटली होती, अंगठ्यावरच्या रेषांसकट. परत कॅबिनेटमध्ये टाकला, या वेळी हातमोजे घालून काढला, थिनरने पुसला आणि तासाभरात इपॉक्सी प्रायमर मारला.