फ्युजनच्या न्यूट्रॉनची एनर्जी काढताय? या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रोजेक्टचा सीझन आला की कोथरूडला माझ्याकडे पोरं लॅपटॉप घेऊन हजर, आणि चुका दरवर्षी त्याच.

डी-टी, म्हणजे ड्यूटेरियम-ट्रिटियम (हायड्रोजनचे दोन जड प्रकार) फ्युजनचे 17.6 एमईव्ही (हे एनर्जीचं एकक) अख्खे न्यूट्रॉनलाच देऊन मोकळे होतात. अरे, सोबत निघणारा अल्फा (हीलियमचा न्यूक्लियस) काय उपाशी राहणार? दोघांचा मोमेंटम सारखाच, दिशा उलट, म्हणून हलक्याला जास्त एनर्जी मिळते. न्यूट्रॉनला 4/5, म्हणजे 14.1, उरलेले 3.5 अल्फाचे. डी-डीत (दोन्हीकडे ड्यूटेरियम) न्यूट्रॉनचा जोडीदार हीलियम-3, म्हणून 3.27 चे 3/4, म्हणजे 2.45.

मासेस तीन डेसिमलला राउंड करू नका, डी-डीचा क्यू (रिअॅक्शनमधून सुटणारी एकूण एनर्जी) 3.27 ऐवजी 2.79 येतो. सहा ठेवा, विषय संपला.

आता खरं दुखणं म्हणजे अँगल, न्यूट्रॉन बीमच्या दिशेशी किती डिग्रीत निघतो तो. 2.45 पाठ असतं म्हणून बीम-टार्गेटलासुद्धा (वेगवान कणांचा झोत स्थिर टार्गेटवर) सगळीकडे तेच ठोकून देतात. एका पठ्ठ्याने निदान फॉर्म्युला तरी लावला होता, 100 केईव्हीचा (म्हणजे 0.1 एमईव्ही) ड्यूटेरॉन, म्हणजे ड्यूटेरियमचा न्यूक्लियस, ड्यूटेरियमच्या टार्गेटवर, आणि टेबलात 0 डिग्रीला 2.86, 90 ला 2.32, 180 ला 2.28. "सर, 0 चं बरोबर जुळतंय, मग बाकीचं चुकेल कसं?" मीपण फसलो, दोन तास मासेस आणि क्यू तपासत बसलो, बाहेर धो धो पाऊस, दुसरा चहा झाला तेव्हा लक्षात आलं की 90 ला कॉस शून्य, म्हणजे तिथे बीमची ती टर्मच उडते, उत्तर 2.48 च्या आसपास पाहिजे. रिकाम्या सेलमध्ये कॉस 90 टाकून बघितलं तर उणे 0.448! एक्सेल रेडियनमध्ये मोजतं हो, आणि 0 ला डिग्री काय नि रेडियन काय, एकच, म्हणून तर ती ओळ साळसूद दिसत होती. 180 चं खरं उत्तर 2.15.

तेव्हापासून 90 ची ओळ आधी हाताने, कागदावर, मगच शीट उघडायची. "ऑनलाइन कॅल्क्युलेटर नाहीये का सर?" असेल बाबा, पण त्याला काय विचारायचं ते तरी कळायला हवं ना.

प्लाझ्मात (तापून आयन झालेल्या वायूत) तर न्यूट्रॉनच्या एनर्जीची एकच रेघ मिळतच नाही. 10 केईव्ही तापमानाला डी-टीचा पीक साधारण 560 केईव्ही रुंद असतो, तिथे 14.067 लिहून काय मिळवलंत?

आणि डी-डीतल्या जवळजवळ निम्म्या रिअॅक्शन्समध्ये न्यूट्रॉन निघतच नाही, प्रोटॉन आणि ट्रिटॉन (ट्रिटियमचा न्यूक्लियस) निघतात. त्यातला एखादा ट्रिटॉन पुढे ड्यूटेरियमवर आपटून 14 एमईव्हीच्या आसपासचा न्यूट्रॉन देतो, तेव्हा ते मोजके काउंट्स नॉइज समजून खोडू नका.