"लागलं नाही, जा तुम्ही" म्हणाला तरी जाऊ नका: सायकलस्वाराला धडक दिल्यावर या चुका टाळा

सायकलवाला उठतो. पँटची माती झटकतो, निसटलेली चेन बसवायला खाली बसतो. बोटं थरथरत असतात, चेन काही दात्यांवर बसत नाही. गाडीवाला काच खाली करून विचारतो, "लागलं का हो?" तो मान वर न करताच म्हणतो, "नाही, ठीक आहे. जा तुम्ही." आणि गाडीवाला जातो.

या प्रकारात सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ती करणारा माणूस बहुतेक वेळा सज्जन असतो, म्हणून जास्त वाईट वाटतं.

धडकेच्या भरात माणसाला स्वतःचं दुखणं कळत नाही. डोक्याच्या आत हळूहळू रक्त साचत असेल तर काही तास, कधी काही दिवस तो अगदी नीट बोलतो-चालतो. रात्री उलट्या सुरू झाल्या की घरचे दवाखान्यात नेतात, डॉक्टर विचारतात कसं लागलं, आणि कागदावर येतं: गाडीने उडवलं, चालक निघून गेला. तुम्ही थांबला होतात, विचारपूस केली होतीत, पण हे सांगणार कोण?

अपघातानंतर निघून जाणं हा बहुतेक देशांत वेगळा गुन्हा आहे. धडकेत तुमची चूक नसली तरी तो लागतो. जर्मनीच्या दंडसंहितेत त्यासाठी कलम 142 आहे. ब्रिटनच्या 1988 च्या कायद्यात कलम 170 नुसार थांबून नाव-पत्ता द्यावा लागतो. तो किंवा विम्याचं प्रमाणपत्र तिथे देता आलं नाही, तर लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त 24 तासांत पोलिसांत जावं लागतं. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम 134 जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी चालकावर टाकतं आणि तिथे पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात कळवायला 24 तासच देतं. जमावाच्या भीतीने थांबता आलं नाही, ही अडचण त्याच कलमाने मान्य केली आहे. पण ही सवलत उपचारापुरती. तिथून निघून घरी जाऊन कपाटातली पॉलिसी शोधत बसायचं नाही. सरळ ठाण्यात जायचं.

म्हणून तो नको म्हणाला तरी गाडीतून उतरा. तुमचं नाव, फोन, गाडीचा नंबर त्याला द्या, त्याचा घ्या. डॉक्टरकडे चला म्हणून आग्रह करा. तरी गेला नाही, तर "मी दवाखान्यात नेतो म्हणालो होतो" असा साधा मेसेज त्याच्या नंबरवर पाठवून ठेवा.

एका धडकेच्या तीन फायली

पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका एका गैरसमजातून निघतात. लोकांना वाटतं, अपघात एक म्हणजे प्रकरण एक. प्रत्यक्षात तीन फायली उघडतात. पहिली फौजदारी: सरकार आणि चालक. दुसरी भरपाईची: जखमी एका बाजूला, चालक, मालक आणि विमा कंपनी दुसऱ्या बाजूला. तिसरी तुमच्या आणि विमा कंपनीमधल्या कराराची. फौजदारी खटल्यात निर्दोष सुटलेल्या माणसालाही भरपाई द्यावी लागू शकते, कारण तिथे गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो आणि भरपाईच्या दाव्यात पारडं कुठे झुकतं एवढंच पाहतात. कंपनीने जखमीला पैसे दिले तरी तुमची सुटका झाली असंही नाही. लायसन्स वैध नव्हतं, चालक प्यायलेला होता, अशा कारणांनी ती तेच पैसे नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते.

हे ध्यानात घेतलं की "जागेवर मिटवून टाकू" यातला धोका दिसतो. खिशातून काही नोटा काढून दिल्या, चिठ्ठीवर "माझी काही तक्रार नाही" लिहून घेतलं. कोणती फाईल बंद झाली? फौजदारी तर नाहीच. भारतात बेदरकार वाहन चालवण्याचा गुन्हा, न्याय संहितेचं कलम 281, जखमीच्या संमतीने मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीतच नाही. भरपाईची फाईलही बंद होईलच असं नाही, कारण हाड मोडलंय हे सही करताना त्याला माहीतच नव्हतं. सायकलवर शाळकरी मूल असेल तर त्याच्या सहीला अर्थच नाही. आणि तिसऱ्या फायलीत तुम्ही नवी अडचण घातलीत: कंपनीला न विचारता तडजोड करायची नाही किंवा जबाबदारी कबूल करायची नाही, अशी अट बहुतेक पॉलिसींमध्ये असते. उपचाराचं बिल माणुसकीने भरलंत तर भरा, पण पावती ठेवा आणि कंपनीला सांगा.

"चूक त्याचीच होती"

असेलही. उलट्या बाजूने आला असेल, दिवा नसेल, हेल्मेट नसेल. यावर रस्त्यात वाद घालण्यात लोक जेवढा वेळ घालवतात तेवढ्यात सगळे फोटो काढून झाले असते.

धडक मोटारीची आणि लागतं सायकलवाल्याला, हे गृहीत धरूनच बऱ्याच देशांनी कायदे केले आहेत. नेदरलँड्समध्ये सायकलवरचं मूल 14 वर्षांखालचं असेल तर मोटारवाल्याच्या बाजूला जवळपास नेहमीच संपूर्ण भरपाई द्यावी लागते. त्याहून मोठ्या सायकलस्वाराला, मोटारवाल्याला टाळताच न येण्यासारखा प्रसंग नसेल तर, त्याची स्वतःची चूक असूनही किमान निम्मी मिळते. फ्रान्सच्या 1985 च्या कायद्यानुसार सायकलस्वाराच्या शारीरिक इजेची भरपाई त्याची साधी चूक दाखवून नाकारता येत नाही; 16 वर्षांखालच्यांना आणि 70 वर्षांवरच्यांना संरक्षण आणखी पक्कं. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली कोणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. हेल्मेट नसण्याने काही ठिकाणी भरपाई थोडी कमी होऊ शकते. दावा संपत नाही.

आणि माफी? "माफ करा" म्हणायला लोक घाबरतात, कबुली होईल म्हणून. इंग्लंड-वेल्समध्ये 2006 पासून कायद्यातच लिहिलंय की नुसती माफी म्हणजे कबुली नव्हे. सगळीकडे असं लिहिलेलं नाही, तरी पडलेल्या माणसाशी दगडासारखं वागण्याचं कारण नाही. "सॉरी हो, कुठे लागलंय?" हे बोला. "माझं लक्ष फोनमध्ये होतं" हे मात्र रस्त्यावरच्या गर्दीसमोर बोलण्यासारखं वाक्य नव्हे. पोलिसांना खरं सांगायचं आहेच, ते नीट जबाबात सांगा.

गाडी उभीच होती ना!

गाडी कडेला लावली, दार उघडलं, सायकल दारावर आपटली. इथे चालक हमखास म्हणतो, "गाडी तर उभी होती, मी काय केलं?" दार उघडणं हाही गाडीचा वापरच. मागून येणाऱ्याला धोका होणार नाही हे पाहण्याचं काम उघडणाऱ्याचं. मागच्या सीटवरच्या प्रवाशाने उघडलं तरी विमा कंपनीला कळवायचं तुम्हालाच. दाराजवळचा हात न वापरता पलीकडच्या हाताने दार उघडलं की अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तिकेत, 2022 पासून ही पद्धत लिहिलेली आहे.

डॅशकॅमचं कार्ड

कॅमेरा आहे म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि तीच गाडी आठवडाभर चालवतो. बहुतेक डॅशकॅम जुन्या चित्रणावर नवं चढवतात. कार्ड त्याच दिवशी काढून ठेवा. फोटोंमध्ये नुसता स्वतःच्या बंपरचा ओरखडा नको: सायकल कुठे आणि कोणत्या अंगावर पडली आहे, तिचं हँडल कसं वळलंय, ब्रेकच्या खुणा, सिग्नल, झाडाआड गेलेला फलक, रस्त्यावरचा उजेड, सगळं हवं. पण आधी माणूस, मग फोटो. जखमीच्या अंगावरून मोबाईल फिरवणाऱ्याचा व्हिडिओ दुसराच कोणीतरी काढत असतो. कंपनीने पाहणी करेपर्यंत गाडी गॅरेजला देऊ नका.

कंपनीला अर्धंच सांगणं

"मला दावा करायचाच नाही, मग कळवू कशाला?" कारण दावा तुम्ही नाही, तो करणार आहे, कदाचित काही महिन्यांनी. उशिरा कळवलं तर कंपनीला हरकत घ्यायला आयतं निमित्त मिळतं. भारतात नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल म्हणूनही लोक गप्प बसतात. तो हप्त्यातल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर असतो, थर्ड पार्टी म्हणजे समोरच्या जखमीच्या दाव्याने जात नाही.

याहून वाईट म्हणजे चालक बदलणं. भाच्याचं लायसन्स संपलेलं, म्हणून "गाडी मीच चालवत होतो" असं मामा लिहून देतो. फोनचं लोकेशन, कोपऱ्यावरच्या दुकानाचा कॅमेरा, सायकलवाल्याचा जबाब, यातलं एक जरी वेगळं निघालं तरी अपघाताच्या प्रकरणात फसवणुकीचं प्रकरण जोडलं जातं, आणि त्यात मामाही अडकतो. खासगी पॉलिसीवर गाडी भाड्याने किंवा डिलिव्हरीला चालवत असाल तर तेही लपवू नका.

तुमच्या विम्यातून मिळणाऱ्या भरपाईला मर्यादा आहे का, तेही पाहून ठेवा. कॅलिफोर्नियात 2025 पासून बंधनकारक विमा एका जखमीमागे फक्त 30,000 डॉलरचा आहे. वरचं चालकाच्या अंगावर येऊ शकतं.

समन्स आलं तर

महिने उलटतात, विषय डोक्यातून जातो आणि एक दिवस कोर्टाचा लिफाफा येतो. "विमा आहे ना, कंपनी बघेल" म्हणून तो फ्रिजवर पडून राहतो. पण कंपनीला तो मिळालाय हे तुम्ही सांगेपर्यंत कळलेलं असेलच असं नाही, आणि तुमच्यातर्फे कोणी हजर राहिलं नाही तर निकाल एकतर्फी लागू शकतो. लिफाफ्यावर मिळाल्याची तारीख लिहा, सगळ्या पानांचे फोटो काढा, त्याच दिवशी कंपनीला पाठवा आणि पोचल्याचं उत्तर येईपर्यंत फोन करत राहा.